जिलानीभाईंचा हट्टी सर्व्हर

जिलानीभाईंबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या न्हाईत, म्हणून मीच लिहायलेय. मी जगदेवी. लातूरला वीरभद्र सरांच्या क्लासच्या काउंटरवर अठरा वर्षं बसले. त्यातली बारा वर्षं वरच्या मजल्यावरच्या बारक्या खोलीत जिलानीभाई बसायचे, क्लासची साइट सांभाळायला. मी दिवसभर तोंड चालवायची, ते दिवसभर "हाव अक्का, हाव अक्का" म्हणायचे. म्हणूनच आमचं जमलं.

भाई मूळचे टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाले. गंजगोलाईजवळ त्यांच्या अब्बांचं दुकान होतं. भूकंप झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. किल्लारीकडच्या एका छावणीत भोंगा बिघडला म्हणून यांना नेलं, आणि भोंगा नीट झाल्यावर माइकही यांच्याच हातात दिला. दवाखान्यात कोण हाय, सापडलं कोण, गेलं कोण, त्या याद्या वाचायच्या. दुसऱ्या दिवशी एक धोतरवाला माणूस समोर येऊन उभा. म्हणाला, "काल मला मेलेल्यात वाचलं तुम्ही. मी जित्ता हाय. माझी बायको तिकडं ऊर बडवून घ्यायली. आधी माझं नाव परत वाचा, मग मला भाकर द्या." भाईंनी नाव तीनदा वाचलं आणि भाकरही दिली. हे सांगताना ते हसायचे अन् हसता हसता डोळे पुसायचे. तेव्हापासून यादी म्हणलं की हा माणूस प्रत्येक नाव तीनदा तपासायचा. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, घरोघरी डॉक्टर व्हायला निघालेली पोरं खोल्या घेऊन राहू लागली. टेपरेकॉर्डर गेले, कॉम्प्युटर आले, आणि भाई पुस्तकं वाचून वाचून सर्व्हरवाले झाले.

आता सर्व्हर हट्टाला पेटला त्या दिवसाचं ऐका. दसरा होऊन तिसरा दिवस. दुपारचा एक वाजलेला. दारात निलंग्याकडचे एक शेतकरी, श्रीमंतराव, डोक्याला टॉवेल, हातात पोरीची पेटी. मागं पोरगी, तनुजा. तोंड एवढंसं झालेलं, पण डोळ्यांत पाणी न्हाई, नुसता राग.

"हिचं नाव काढा क्लासातून," श्रीमंतराव म्हणाले. "साडेतीनच्या एस.टी.नं घेऊन चाललोय."

मी म्हणलं, "का हो दादा? लेकरू हुशार हाय."

"हुशार हाय, पण खोटी हाय. मोफत बॅचच्या परीक्षेला बसलेच म्हणती. आणि हे बघा."

त्यांनी मोबाईल माझ्या नाकाजवळ धरला. आमचीच साइट, आमचीच यादी. तनुजाच्या नावापुढं लिहिलेलं, गैरहजर.

"अप्पा, मी दिली परीक्षा," तनुजा म्हणाली. "शंभरदा सांगितलं."

"मग मशीन खोटं बोलायलंय का? सगळ्या गावानं मोबाईलवर बघितलं. तुझ्या मामानं तर फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मी पारावर बसू कसा?"

मी ताडकन उठले. हजेरीचा कागद काढला, पोरीची सही दाखवली. जिलानीभाईंना खाली बोलावलं. त्यांनी गोळे काळे केलेला तिचा पेपरही आणला. रोल नंबरचे गोळे फिके पडले होते, म्हणून मशीननं तो बाजूला टाकला होता, आणि भाईंनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः तपासून मार्क भरले होते. एकशे ऐंशीपैकी एकशे एकाहत्तर!

पण श्रीमंतराव हटेनात. "कागद काय, कोणी बी लिहितंय. गावाला कागद दिसत न्हाई, मोबाईल दिसतोय."

असा राग आला मला! पण बोलणार काय, माणूस गावाच्या तोंडाला भ्यालेला. भाई मात्र शांत. "दादा, पाच मिनिटं बसा. जुनं पान अडकून बसलंय, सर्व्हर बंद करून चालू केला की नवी यादी येती. अक्का, चहा सांगा."

आम्ही सगळीच वर गेलो. सर्व्हरच्या तोंडावर अजून दसऱ्याचं कुंकू होतं. भाईंनी पडदा दाखवला. तिथं तनुजाचे एकशे एकाहत्तर मार्क झळकत होते, चौथा नंबर. "बघा, आत बरोबर हाय. बाहेर दिसायची देर." आणि त्यांनी सर्व्हरला थांबायचा हुकूम दिला. सर्व्हर म्हणाला, थांबलो.

"आता बघा दादा, साइट उघडायचीच न्हाई."

श्रीमंतरावांनी अंगठा फिरवला. "उघडली की. गैरहजर."

भाईंनी परत थांबवला. परत थांबलो म्हणाला. परत मोबाईलवर गैरहजर. मग त्यांनी आत जे जे काम चालू होतं त्याला नावानिशी हुडकून हाकललं. श्रीमंतराव अंगठा फिरवून म्हणाले, "गैरहजरच." कदाचित त्यांचाच मोबाईल जुनं दाखवत असंल म्हणून माझ्या मोबाईलवर बघितलं. मी जन्मात ती साइट उघडली नव्हती, तरी गैरहजर! आगं बाई, मला हसू फुटायला लागलं आणि हसायची सोय न्हाई. भाईंनी अख्खं मशीन बंद करून चालू केलं. पंखे घुरघुरले, दिवे लागले. गैरहजर.

एवढ्यात वीरभद्र सर आले, हातात खडू तसाच. चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस, पण मशीनपुढं हात जोडतो. "काय झालं जिलानी?"

"सर, मरेना झालाय. थांब म्हणलं की थांबलो म्हणतोय आणि चालूच ऱ्हातोय."

"पिन काढ."

"सर, अशी नसती काढायची."

"काढ म्हणतो ना!"

भाईंनी बिस्मिल्ला म्हणून पिन उपटली. मशीन गार. दिवे गेले, पंखे थांबले. खोलीत इतकी शांतता झाली की खालच्या वर्गातली पोरांची कुजबुज ऐकू आली. पिन भाईंच्या हातात लोंबायली. आम्ही पाचही जण श्रीमंतरावांच्या अंगठ्याकडं बघायलो.

अंगठा फिरला. "गैरहजर."

"अगं माय!" मी मटकन खालीच बसले. सरांच्या हातातला खडू पडला. तनुजा, सकाळपासून फुगलेली ती पोरगी, तिला एकदम खुदकन हसू आलं. मग मला आलं. मग सरांना. पोट धरून हसायलो आम्ही, वीज नसलेल्या मशीनला. फक्त दोघं हसले न्हाईत. श्रीमंतराव घड्याळाकडं बघत होते, अडीच वाजले होते. आणि भाई पिनीकडं बघत होते, डोळे भरलेले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "ही पोरगी गेली तर माझ्या यादीमुळं जाईल."

माझं हसू तिथंच विरलं. मी सरांवरच चिडले. "सर, तुमच्या त्या पूजेनं हे झपाटलंय! खंडेनवमीला हत्यारं मांडतात, कोयता मांडा, खडू मांडा. सर्व्हर कोण मांडतं का पूजेला?"

"का न्हाई मांडायचा?" सर म्हणाले. "नांगराला विसावा, तसा त्याला. खंडेनवमी-दसरा दोन दिवस बंदच होता तो."

"दोन दिवस बंद होता, मग पोरांनी यादी बघितली कशावर?"

मी हे भांडायला म्हणलं होतं. पण भाईंनी कपाळावर असा हात मारला की पिन पार कोपऱ्यात जाऊन पडली.

"या अल्लाह! जुनं मशीन!"

आणि ते जिन्यानं धावत सुटले. त्रेचाळीस वर्षांचा जाडजूड माणूस, दोन दोन पायऱ्या गाळत. आम्ही मागं. थेट माझ्या काउंटरखाली घुसले. तिथं एक काळा डबा होता, इन्व्हर्टरजवळ. सणाची सुट्टी संपवून मी आले तेव्हापासून तो तिथंच होता, आणि मी त्याला बॅटरी समजून तीन दिवस माझा जेवणाचा डबा त्याच्यावर ठेवत होते. वरणभात छान कोमट ऱ्हायचा!

"तुम्हाला सांगायचं राहिलं अक्का," भाई खालूनच ओरडले. "सरांचं मशीन पूजेत. पोरांचा निकाल तर लावायचा. म्हणून नवमीच्या आदल्या दिवशी साइट या जुन्या मशीनवर आणून ठेवली, इंटरनेटची लाइन इकडं फिरवली. दसरा झाला, वरचं मशीन चालू केलं, पण लाइन परत फिरवायची विसरलो! मार्क वर भरलो, दुनिया खाली बघायली!"

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," सर म्हणाले.

"आणि कळशावर माझा डबा," मी म्हणलं.

भाईंनी माझा डबा उचलून माझ्या हातात दिला आणि काळ्या डब्याचं बटण दाबून धरलं. घुरघुर थांबली. श्रीमंतरावांनी अंगठा फिरवला. यावेळी मोबाईल पांढराफटक, साइट गायब. भाई लहान पोरासारखे टाळ्या वाजवायले. "मेला! मेला एकदाचा!" वर धावले, पिन लावली, लाइन फिरवली. इकडं तीन वाजून दहा मिनिटं. श्रीमंतरावांनी पेटी उचलून हातात धरली होती. तनुजा भिंतीला टेकून उभी, ओठ घट्ट मिटलेले. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं.

वरून हाक आली, "दादा, बघा!"

अंगठा फिरला. श्रीमंतरावांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग एकेक अक्षर लावत वाचलं, "तनुजा श्रीमंत... एकशे एकाहत्तर... क्रमांक चार." त्यांच्या तोंडावर असं हसू पसरलं की काय सांगू. "बघा, मशीन खरं बोललं!"

जिलानीभाई जिन्यात उभे होते, घामानं भिजलेले. बारा वर्षांत कोणावर त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला न्हाई. त्या दिवशी ऐकला.

"मशीन न्हाई दादा. मशीन तीन दिवस खोटं बोललं, माझ्या चुकीनं. पोरगी खरं बोलत होती. पहिल्या दिवसापासून."

श्रीमंतरावांचं हसू गेलं. त्यांनी पोरीकडं बघितलं. आणि दिवसभर एक टिपूस न काढलेली ती पोरगी, आता तोंडावर ओढणी धरून हुंदके द्यायला लागली. बापाला काय करावं कळेना. डोक्यावर हात ठेवावा तर हातात पेटी. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली आणि पोरीच्या वसतिगृहाच्या दिशेनं चालायला लागले. तनुजा मागं मागं. चार पावलांवर थांबून त्यांनी फोन लावला, पोरीच्या मामाला.

"सोयरे, पोरगी खरं बोलत होती. माझं चुकलं."

भर रस्त्यात, डोक्यावर पेटी, एवढ्या मोठ्या आवाजात की समोरचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

"अप्पा, हळू बोला, सगळे बघायलेत," तनुजा म्हणाली.

"बघू दे की," श्रीमंतराव म्हणाले, आणि फोनमध्ये आणखी जोरात ओरडले, "माझं चुकलं म्हणलो! गावाला सांगा!"