भिंतीवरची मैनाबाई आणि भिंतीखालची

"पेंटर, ह्या सगळ्यांनी तोंडं का बांधली आहेत? दरोडेखोर वाटतात."

नगरपालिकेचे साहेब भिंतीपासून दहा पावलं मागे उभे होते आणि मी परांचीवर. मे महिना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या कोळशाच्या गावात उन्हाळ्यात दुपट्टा न बांधता हिंडणारा माणूस एक तर नवा असतो, नाहीतर एसी गाडीतला. साहेब दोन्ही होते. बसस्टँडजवळच्या भिंतीसाठी विषय त्यांनीच दिला होता, 'आपल्या शहराचं रोजचं जीवन'. मी खरंच रोजचं काढलं, ही माझी चूक.

चित्रातले दुपट्टे उतरवले. ट्रकांवरची धूळ पुसली. सायकलवर कोळशाची पोती लादून ढकलत नेणारे दोघे होते. साहेब म्हणाले, "पोती हिरवी करा. भाजी वाटली पाहिजे." केली. आभाळात मी थोडा काळा मिसळला होता, कारण आमचं आभाळ तसंच असतं. "स्वच्छ निळं करा." तेही केलं. पंचवीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता भिंत मिळाली की मी कलावंत असतो, आणि कलावंताला 'हो साहेब' म्हणता आलं पाहिजे.

एका गोष्टीवर मात्र मी बोललो. रस्त्याकडेच्या भिंतीचा खालचा तीन फूट भाग आम्ही पेंटर लोक गेरूने रंगवतो. शोभेसाठी नाही. आमच्याकडे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला खर्रा जेवणापेक्षा जास्त खपतो आणि पिचकारी तेवढ्याच उंचीवर बसते. गेरूवर ती दिसत नाही.

"गेरू नको," साहेब म्हणाले. "चित्र जमिनीपर्यंत आणा. आपले नागरिक आता सुजाण आहेत."

पूर्ण चित्रात त्यांना एकच आकृती पसंत पडली, मैनाबाईची. ती जंगलाकडच्या गावातून सकाळच्या एसटीने टोपली घेऊन येते आणि ह्याच भिंतीला पाठ लावून बसते. उन्हाळ्यात टेंभरं, चारं अशी रानफळं, पावसाळ्यात रानभाज्या. दुपारपर्यंत भिंतीची सावली असते. तिचं घर त्या टोपलीवर चालतं. तिला समोर बसवूनच मी काढलं होतं.

"माह्यं नाक एवढं मोठ्ठं हाय का, भाऊ?"

"हाय, बाई."

"मंग राहू दे."

साहेब खूश झाले. "ही बाई एकदम नॅचरल आलीय." मग त्यांची नजर खाली गेली. "हिला मात्र इथून हलवा. हिच्यामुळे चित्रातली बाई झाकली जाते."

मला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा माणूस आला आणि मैनाबाईला बाजारामागच्या उघड्या जागेत बसायला सांगून गेला. तिथे ना सावली, ना गिऱ्हाईक. टोपली उचलताना ती म्हणाली, "माह्याच चित्रापायी मले उठवून राह्यले का, भाऊ?" मी ब्रश धूत राहिलो. आभाळासाठी गप्प बसलो ते ठीक. तिच्यासाठीही गप्प बसलो, त्याची लाज अजून वाटते.

पाहुणे आले, फीत कापली, फोटो झाले. आठवड्याभरात सुजाण नागरिक कामाला लागले. इतकी वर्षं त्या भिंतीवर एक डाग का नव्हता, ते तेव्हा कळलं. खाली मैनाबाई असायची आणि तिच्या शिव्या आजूबाजूच्या चार गावांत प्रसिद्ध होत्या. चित्रातली बाई काय बोलणार? तिच्या टेंभरांवर खर्रा, लुगड्यावर खर्रा, आणि कोपऱ्यात त्याहून वाईट वास.

साहेबांचा फोन आला. "पेंटर, वरचे अधिकारी पाहणीला येताहेत. काहीतरी उपाय सांगा."

"धुऊन रंगवून देतो. पण टिकणार नाही."

"मग देवांच्या टाइल्स लावू?"

"साहेब, टाइल्सना शिव्या देता येत नाहीत. मैनाबाईला बसवा."

साहेब स्वतः गेले, मी सोबत होतो. मैनाबाईने टोपलीवरून मान वर केली नाही. "काऊन येऊ? उद्या आणखी कोनी पाहुणे आले का पुन्हा उठवान. माह्या नावाचा कागद द्या लिहून, मंग येतो."

पाहणी दोन दिवसांवर होती, म्हणून कागद मिळाला. मी तिला वाचून दाखवला. त्यात तिचं नाव आहे, पण टेंभरं विकणारी बाई कुठेच नाही. 'चित्राच्या देखभालीत लोकसहभाग' आहे. तिने तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

आता चित्राचा वरचा भाग तेवढा दिसतो. खाली मैनाबाई दुपट्टा बांधून बसते. परवा एका गिऱ्हाइकाने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, हे तूच होय का?"

"नाई रे. ते साहेबाची बाई होय. तिले ऊन लागत नाई."

तेव्हापासून मी नवी भिंत घेतली की आधी तिच्याखाली कोण बसतं ते पाहतो, त्याला विचारतो, आणि मगच शिडी लावतो.