जिन्याखालचा खड्डा

६ फेब्रुवारी २००५, रविवार. जिन्याखालचं कपाट रिकामं करायला घेतलं. मंगळवारी कंत्राटदार येऊन तिथली जमीन फोडणार होता. तांदळाच्या पिशव्या, इस्त्रीचं टेबल, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं गॅरेजमध्ये नेऊन टाकलं. उरला फळीवरचा देव्हारा. त्याला सासूबाई मला हात लावू देईनात.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनजवळ राहत होतो. तिथल्या जमिनीतून रेडॉन नावाचा गॅस येतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. कौन्सिलचं पत्रक आलं म्हणून मी मोजणीच्या दोन डब्या मागवल्या आणि तीन महिने घरात ठेवून परत पाठवल्या. वरच्या मजल्याचा आकडा ठीक होता. खालची, सासूबाईंची खोली मर्यादेच्या बरीच वर निघाली. उपाय एकच: जमिनीखाली खड्डा, त्यातून पाइप, आणि गॅस ओढून बाहेर टाकणारा पंखा. देव्हाऱ्याखाली खणलं तर हजारेक पौंड. बाहेरून खणायचं तर घरापुढचा गाडीचा फरसबंद रस्ता फोडण्याचा खर्च वेगळा. लंडनजवळच्या वॉटफर्डची मैत्रीण म्हणाली, घर विकून इकडेच ये. वॉटफर्डच्या घरांच्या किमतींबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

हजार पौंड आमच्याकडे होते, पण ते सासूबाईंच्या प्रवासासाठी बाजूला काढलेले. मार्चमध्ये पुण्याला त्यांच्या थोरल्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माझा नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. त्याने परस्पर ठरवलं की खड्डा आधी, आई पुढच्या वर्षी जाईल. आईला सांगायचं काम तेवढं माझ्यावर सोडलं. ते मी त्या रविवारी, कपाटात गुडघे टेकून फळी पुसता पुसता उरकलं.

सासूबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा गॅस वीस-वीस वर्षांनी बाधतो, असं तूच म्हणालीस ना? मी अठ्ठ्याहत्तरची. वीस वर्षांनी मला कॅन्सर झाला तर पेढे वाटा."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. "तुमच्यासाठी नाही हो, आई. पोरगी तुमच्याजवळ झोपते. ती अकरा वर्षांची आहे."

आजोबा गेल्यापासून नात त्यांच्याच खोलीत गादी घालून झोपायची. रिपोर्ट आला तेव्हा मी तिला वर झोपायला सांगितलं होतं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि खड्डा होणारच आहे तर राहू दे, म्हणून मी सोडून दिलं.

"मग तिला वर झोपव," सासूबाई म्हणाल्या. "खड्डा उन्हाळ्यातही खणता येईल. दादा परत एक्याऐंशीचा होणार नाही."

यात चूक काढायला जागा नव्हती. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने विचार करून सांगितलं की चार-सहा महिन्यांनी वैद्यकीयदृष्ट्या फारसा फरक पडणार नाही. मग आतापर्यंत घाई कोणाला होती, असं मी विचारलं. त्याने टीव्ही लावला.

हिशेब जुळत होता, तरी मला चैन पडेना. मुलगी शाळेतलं जे काही सांगायची ते आजीलाच, अंधारात पडल्या पडल्या. ते आता बंद होणार. शिवाय पुण्याहून परतल्यावर सासूबाई त्याच खोलीत झोपणार होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता. आपल्या फुप्फुसांचं काय ते त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं ते सोयीचं म्हणून मान्य करत होतो.

सोमवारी सकाळी मुलगी शाळेला गेल्यावर मी कंत्राटदाराला फोन करून काम जूनवर ढकललं. हाउन्सलोच्या ट्रॅव्हल एजंटकडे पुण्याचं तिकीट काढायला सांगितलं. मग मुलीची गादी ओढत वर नेली. उशी आणायला खाली आले तर सासूबाईंनी तिला धुतलेला अभ्रा घालून ठेवला होता. गॅस तेवढाच कमी साचेल म्हणून मी त्यांच्या खोलीची खिडकी उघडली. बाहेर दंव होतं. खिडकी लाव, असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या कपड्यांच्या कपाटातून जाड स्वेटर काढून दिलं आणि कामावर गेले.