पाचव्या मैलापर्यंत

तुरुंगातून सुटून आलेला एक माणूस रोज सकाळी आमच्या घरावरून बुलढाण्याच्या रस्त्याने धावत जायचा. धावायची सवय तुरुंगाच्या आवारातच लागली, असं तो सांगे. पाचव्या मैलाच्या दगडाला हात लावून तो परत फिरे. हात न लावता फिरलं तर तो मैल धरायचा नाही, असा त्याचा नियम होता. मला तो हिशेब पटायचा.

एका रात्री आमच्या धाड गावच्या बाजारात एका दुकानाचं कुलूप फुटलं. सकाळी आमच्या ओट्यावर बसलेले शेजारी म्हणाले, "आज गेला तं वापस येत नाही तो."

तो निघाला, पण आधी चौकीवर गेला. मीही मागोमाग गेलो.

"साहेब, धावून येतो."

जमादार म्हणाले, "पयून जाशीन बे."

"पयणारा सांगून जात नाही, साहेब. एक दिवस खाडा केला, तं लोक म्हणतीन यानंच केलं."

जमादारांनी त्याच्यामागे सायकलवर एक शिपाई दिला. मी चौकीसमोरच थांबलो. ऊन चढल्यावर तो परत आला, घामाने निथळत, एकटाच. जमादार ताडकन उठले.

"शिपाई कुठं हाय बे?"

"मांगं राह्यले, साहेब. सायकल पंचर झाली त्याईची. पायी येऊन राह्यले."

एवढं बोलून तो चौकीच्या पायरीवर बसला, आणि शिपाई येईपर्यंत तिथून हलला नाही.