त्याच्या गादीवरचा बस्ता

जळगावच्या एका कापड दुकानात मी अकरा वर्षं सेल्समन होतो, आणि त्यातली निदान नऊ वर्षं शेजारच्या गादीवरच्या माणसावर जळण्यात घालवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी मोठ्या मनाचा असल्याचा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

दुकान लांबलचक. एका बाजूला पांढऱ्या चादरी घातलेल्या चार गाद्या, त्यांच्यामागे छताला टेकलेली कपाटं, आणि दारापाशी गल्ल्यावर शेठ. सकाळी आलं की चपला काढायच्या, चादरी झटकायच्या, चहाचे डाग पडलेली चादर बदलायची आणि मांडी घालून बसायचं. लोकांना वाटतं, साडी विकणं म्हणजे गोड बोलणं. खरं काम घड्यांचं. दिवसभरात दोनशे साड्या उघडाव्यात तेव्हा तीस जातात. उरलेल्या संध्याकाळी पुन्हा आपापल्या मूळ घडीवर बसवाव्या लागतात. घडी चुकली की कोरी साडीही वापरलेली दिसते. चाळिशीच्या आत आमचे गुडघे वाजायला लागायचे.

मी धुळ्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेला. बँकेच्या परीक्षा तीनदा दिल्या, तिन्ही वेळा पडलो. मामांच्या ओळखीने या दुकानात लागलो तेव्हा मामा म्हणाले होते, "तात्पुरतं कर." ते तात्पुरतं लांबत गेलं. कॉलेजातले माझे सोबती धुळ्यात कोणी कलेक्टर कचेरीत, कोणी जिल्हा परिषदेत चिकटले. त्यातला कलेक्टर कचेरीतला बायकोला घेऊन एकदा दुकानात आला. मी खांद्यावर मोरपंखी साडी टाकून त्याच्यापुढे उभा. तो म्हणाला, "अरे, तू इथे?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि शेजारच्या गादीवर हा. सातवी पास. यावलकडचा. आधी केळीच्या बागेत घड कापायचा, मग आमच्या दुकानात गाठोडी उचलायला लागला आणि तिथून गादीवर आला. दुकानात सगळे त्याला भाऊ म्हणत. मी मनातल्या मनात यावलवाला म्हणायचो. दात सुपारीने लाल, केसांना चपचपीत तेल. माझं पेन मागून न्यायचा आणि ते परत द्यायचं असतं हे त्याच्या गावीही नसायचं. पण बस्ते सगळे त्याच्याकडे.

लग्नाची सगळी कापडखरेदी एका दिवशी, एकाच दुकानात करायची, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. गावाहून वीस-पंचवीस बाया टेम्पोत बसून येतात. सोबत यादी असते: नवरीचा शालू, विहिणीची साडी, मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या. सकाळी बसलेल्या बाया दिवे लागल्यावर उठतात. ज्याच्या गादीवर जास्त बस्ते, तो सेल्समन मोठा. यात डिग्री कोणी विचारत नाही.

मी त्याला चोरून बघायचो. त्याच्यात असं काय आहे ते मला शोधून काढायचं होतं. गिऱ्हाईक बसलं की माझा पहिला प्रश्न, "किती रुपयांपर्यंत दाखवू?" त्याचा पहिला प्रश्न, "नवरी कोनती शे?" यावल-रावेरकडच्या बाया आल्या की तो त्यांच्या बोलीत बोलायचा आणि पारोळा-साक्रीकडच्या आल्या की सरळ अहिराणीत. अहिराणी माझ्या घरची बोली. पण मी गादीवर शुद्ध बोलायचो, कारण मी बी.कॉम. होतो. माझ्या आईची भाषा हा केळीवाला बोलत होता आणि बाया हसून हसून डोळे पुसत होत्या. मला तेही खपायचं नाही.

साडी खांद्यावर टाकायची त्याची एक लकब होती. निऱ्या बोटांत धरून, मान जराशी कलती करून तो पदर असा सोडायचा की बायांना वाटायचं, साडी नेसलेली कोणी बाईच समोर उभी आहे. जळगावातच पिंप्राळ्यात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. एका रविवारी बायको बाजारात गेलेली पाहून मी तिची साडी काढली आणि आरशासमोर सराव करू लागलो. ती पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तो पदर आहे की वाळत घातलेला टॉवेल?" महिनाभर ती हे शेजारणींना सांगून हसत होती.

एकदा त्याला कावीळ झाली. तीन आठवडे रजेवर. मला आनंद झाला, लपवत नाही. भर लगीनसराईत त्याची गादी रिकामी. पहिल्याच दिवशी अमळनेरकडून बाया आल्या. मी पुढे झालो. त्यांनी विचारलं, "तो भाऊ कोठे शे?" आजारी आहे म्हटल्यावर त्या आपसात कुजबुजल्या. मग त्यांतली म्हातारी उठत म्हणाली, "मंग आम्ही पुढला आठवडाले येसूत." माझ्या स्वच्छ चादरीवर त्या टेकल्यासुद्धा नाहीत.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. शेठनी एका दुपारी आम्हा दोघांना गल्ल्याजवळ बोलावलं. "धुळ्याला दुकान काढतोय. तुमच्यापैकी एकाला तिकडे मुख्य म्हणून बसवायचा विचार आहे. यंदाची सराई बघतो, मग ठरवतो."

त्यानंतर माझी झोप उडाली. आमचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर. धुळ्याच्या दुकानात गल्ल्यावर मी बसलोय, समोरून कलेक्टर कचेरीतला सोबती स्कूटरवरून चाललाय, आणि या वेळी "अरे, तू इथे?" असं तो वेगळ्या सुरात विचारतोय, एवढंच मला दिसायचं. आणि योग असा की त्याच सराईत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा साक्रीकडे मास्तर. दोन्हीकडचा बस्ता एकदम करायचा ठरला. म्हणजे सराईतला सगळ्यात मोठा बस्ता माझ्या घरचा, माझ्या गादीवर आणि शेठच्या डोळ्यांदेखत. मी गावी जाऊन यादी स्वतः लिहून काढली. आईला दोनदा बजावलं, "माझ्याच गादीवर बसायचं." ती म्हणाली, "बरं."

बस्त्याच्या दिवशी मी नवी कोरी चादर घातली. शेठना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला टेम्पो आला. आई, बहीण, काकू, मावश्या, मागे विहीण आणि तिच्याकडच्या बाया. घरी मी आईला माय म्हणायचो, दुकानात मात्र म्हटलं, "या आई, इथे बसा."

आई दारात थबकली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या चादरीकडे पाहिलं, आणि चालत जाऊन त्याच्या गादीवर बसली. मागोमाग बावीस बाया बसल्या.

मला वाटलं, गोंधळली असेल. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "माय, ही नाही, ती माझी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. आम्ही आठेच बठतस."

शेठ चष्म्यावरून पाहत होते. यावलवाल्याचा चेहरा पडला. तो उठून उभा राहिला, "भाऊ, घरचा बस्ता आहे, तुम्हीच घ्या. मी पाण्याचं बघतो." त्याने खुशीत दात काढले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याचा तो चांगुलपणाच मला सगळ्यात जास्त झोंबला. आईने त्याला हाताने खाली बसवलं. "तू दखाड रे भाऊ."

मग माझ्या बहिणीच्या बस्त्याला मी कपाटातून माल काढून देणारा झालो. तो नुसतं म्हणायचा, "भाऊ, वरच्या खणातला हिरवा," आणि मी शिडीवर. आई एकेक साडी हातात घेत होती, उलटीपालटी करत होती, "हाई नको, दुसरी," म्हणत होती. शंभरावर साड्या उघडल्या असतील. आईला मी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. शालूवरून तिचं आणि विहिणीचं जुंपायची वेळ आली, तेव्हा त्याने तोच शालू माझ्या बहिणीच्या खांद्यावर टाकला आणि आरसा पुढे धरला. बहीण लाजली आणि वाद तिथेच संपला.

दुपारी यादी संपत आली तेव्हा तो अगदी मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे पाहत म्हणाला, "त्या अक्का कोण? त्यांना काही घेतलं नाही." ती माझी फुई, म्हणजे सख्खी आत्या. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि माहेरी परत आली ती कायमची. शाळेच्या वाटेवरचा नाला भरला की मला खांद्यावर बसवून पलीकडे नेणारी तीच. यादी माझ्या हातची होती आणि तिचं नाव मी लिहिलं नव्हतं. मुद्दाम नाही. सुचलंच नाही. त्याने एक फिकी जांभळी साडी काढली आणि गादीवरून उतरून, चालत जाऊन तिच्या मांडीवर ठेवली. फुई नको नको म्हणत राहिली आणि साडीवर हात फिरवत राहिली. मी शिडीवर उभा राहून त्याचा राग राग करत होतो. माझ्या फुईकडे बघणारा हा कोण?

संध्याकाळी टेम्पोत गाठोडी चढली. बाया बसत होत्या. मी आईला बाजूला घेतलं आणि फुटलोच. "चारचौघांत माझं नाक कापलंस. त्याच्यात काय एवढं सोनं लागलंय?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मागला साले आखाजीले मी तुना दुकानमा उनी व्हती. याद शे?"

मला अंधुक आठवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ती शेजारणीबरोबर आली होती आणि मी तिला घाईत एक साडी काढून दिली होती.

"तू एकच साडी दखाडी. माले ती नही आवडनी. पन दुसरी दखाड म्हनानी मनी हिंमत नही व्हयनी. तुना कपायवर आठी पडेल व्हती." मग म्हणाली, "माले भेव वाटस रे तुनं."

एवढं बोलून ती टेम्पोत चढली. मी तिथेच उभा राहिलो. माझ्याच आईला माझ्यापुढे बसायची भीती वाटत होती आणि मी नऊ वर्षं त्याची पदर सोडायची लकब शिकत होतो.

धुळ्याला शेवटी शेठनी मलाच पाठवलं. सगळ्यांनी हात मिळवले, त्याने पेढे आणले, बायकोने पिंप्राळ्यात शेजारणींना जेवायला घातलं. मी शेठना विचारलं, मीच का? शेठ सरळ माणूस होते. म्हणाले, "त्याला हलवला तर इथली गिऱ्हाइकं त्याच्यामागे धुळ्याला जातील. तुझं तसं काही नाही." म्हणजे मी गेल्याने काही अडणार नव्हतं, म्हणून मला बढती मिळाली. गावात मात्र अजून सांगतात की मुलगा शिकलेला होता म्हणून मुख्य झाला. मी ते कधी खोडून काढलं नाही.

गल्ल्यावरून दिसायचं ते सगळं दिसलं. सोबती स्कूटरवरून गेले, आत आले, चहा प्यायले. मजा दोन महिन्यांत संपली. यावलवाला तिकडे जळगावला खांद्यावर पदर टाकून उभाच होता, आणि त्याच्याकडच्या बस्त्यांच्या बातम्या माल घेऊन येणाऱ्यांकडून मला कळायच्या. मी हसून ऐकायचो. आमच्या भाऊबंदांतले लोकसुद्धा बस्त्याला जवळचं धुळं सोडून जळगावची बस धरायचे.

दुकानाला तीन-चार वर्षं झाल्यावर आखाजीच्या आधी आई एकटीच बसने आली. साडी घ्यायची म्हणाली. मी गल्ल्यावरून उठलो, चपला काढल्या, सेल्समनला बाजूला केलं आणि स्वतः गादीवर बसलो. "बठ माय." कपाळावर आठी येऊ नये म्हणून भुवया वर ताणून धरल्या होत्या, डोकं दुखेपर्यंत. किती रुपयांपर्यंत, हे विचारलं नाही. आधी निळी काढली. मग हिरवी, मग डाळिंबी. बायको ज्याला टॉवेल म्हणाली होती तसा का होईना, खांद्यावर टाकून दाखवली. अकरा साड्या उघडल्या. आईने एकीलाही हात लावला नाही, नुसती मान हलवत राहिली. "चांगली शे. हाई बी चांगली शे."

"आणखी दाखवू?" मी विचारलं.

तिने पहिल्या निळ्या साडीवर हात ठेवला. "हाईच दे. तुले इतल्या घड्या घालन्या पडतीन."

ती साडी घेऊन चारच्या बसने गेली. मी उरलेल्या दहांच्या घड्या घालत बसलो. त्याच्या गादीवर तिने शंभर साड्या उघडायला लावल्या होत्या, आणि घड्या कोण घालणार हे तिच्या मनातही आलं नव्हतं.