पुनवेला तुंबणारी जाळी

सुरतेत गोडादऱ्याला राहणाऱ्या वाल्मिकने बावीस वर्षं बमरोलीच्या रंगाईच्या मिलमध्ये पंप सांभाळले. मिल बंद पडली, तेव्हा हजीऱ्याकडच्या एका नऊमजली काचेच्या ऑफिसात त्याला काम लागलं, समुद्राच्या पाण्याची जाळी धुण्याचं.

तिथला एसी समुद्रावर चालायचा. यंत्राने ऑफिसातली उष्णता गोळा करायची आणि पाइपाने आणून जाळीतून गाळलेल्या खाऱ्या पाण्याला देऊन टाकायची. वीज कमी लागते, गोडं पाणी वाचतं. गोष्ट चांगलीच. नावं ठेवायची ती तिथले मॅनेजर योगेंद्रसाहेब यांच्या अकलेला. उद्घाटनाला त्यांनी समुद्राला नारळ वाहिला, फोटो काढून घेतला आणि पुन्हा त्या देवाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इथलं पाणी मातकट, भरती जबर. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला: जाळी दर शनिवारी दहा वाजता धुवावी. जणू समुद्र त्यांच्याकडे पगारी नोकर!

एका दुपारी जाळी गाळाने तुंबली, सातव्या मजल्यावर शेठलोक घामाघूम झाले. वाल्मिकला मेमो मिळाला: कामात हलगर्जीपणा. महिन्याभराने दुसरा. तिसऱ्याला नोकरी जाणार, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार होतं?

घरी त्याच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, सत्यनारायणाचा शिरा पुढे केला. वाल्मिकने वाटी सरकवली.

"काय जयं? परसाद बी नको?"

"दुसरा मेमो."

पुष्पाबाई थबकल्या. "मागच्या मेमोलाही तुम्ही शिरा खाल्ला नव्हता." शिरा त्यांच्या घरी पुनवेलाच होतो. त्यांनी किराणावाल्याचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. "दोन्ही डाव पुनव! आणि मधल्या अमावास्येला?"

"तेव्हाही तुंबली होती. पण त्या दिवशी सुट्टी, ऑफिस बंद."

दुसऱ्या दिवशी त्याने गेटवरच्या मगनकाकांना विचारलं. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला. ते पोट धरून हसले. "अरे भाई, पूनम-अमासनी मोटी भरती! कादव तो आववानोज." मोठ्या भरतीबरोबर गाळ येणारच.

पुढच्या अमावास्येला वाल्मिकने सकाळच्या ओहोटीत जाळी धुऊन ठेवली. दुपारच्या भरतीत एसी सुरळीत चालला. साहेबांना कळलं तसे ते भडकले.

"तक्त्याबाहेर जाळीला हात लावायचा नाही! इथे कंप्युटर चालतो, पंचांग नाही."

माघी पुनवेला वीज वाचवल्याचं बक्षीस द्यायला पाहुणे येणार होते. वाल्मिकने आदल्या दिवशी अर्ज दिला: उद्या सकाळी जाळी धुवायची परवानगी द्यावी. साहेबांनी हसत हसत त्याच्यावरच लिहिलं, 'गरज नाही. शनिवारीच.' खाली लफ्फेदार सही ठोकली. वाल्मिकने कागद घडी करून खिशात ठेवला.

पुनवेच्या दुपारी साहेब माइकवर सांगत होते, समुद्र आपला मित्र आहे. मित्राने तेव्हाच गाळाने जाळी भरली. एसी बसला, पाहुणे बक्षिसाच्या कागदाने वारा घेऊ लागले. साहेब धावत खाली आले, मागून मोठे शेठ.

"वाल्मिक! तिसरा मेमो! आजच घरी!"

वाल्मिकने घडी उलगडून कागद शेठच्या हातात दिला. शेठनी सही वाचली, मग साहेबांकडे पाहिलं. "पहिले दोन मेमो फाडा. आणि तक्ता बदला, आजच."

पाच वाजता नवा तक्ता भिंतीवर होता. जाळी पुनवेला आणि अमावास्येला, सकाळच्या ओहोटीत. वर इंग्रजीत भलामोठा मथळा, खाली 'संकल्पना: योगेंद्रसाहेब'. साहेबांच्या केबिनमध्येही आता कॅलेंडर आलं होतं, तेही किराणावाल्याचंच.

घरी पोचताच वाल्मिकने हातपाय धुऊन देवापुढची वाटी स्वतःच उचलली. खाता खाता सगळं सांगितलं, तक्त्यावरचं नावसुद्धा.

पुष्पाबाईंनी आणखी एक डाव शिरा वाढला. "राहू द्या त्याचं नाव. त्याला काय, भिंतीवरचं नाव चाटत बसायचंय!"