बंडीखालचा कंदील

तेव्हा मी रोज संध्याकाळच्या बसनं अकोल्याहून घरी यायचो. वाटेत बसच्या उजेडात एका बंडीमागची लाल काच चमकायची. बंडीखाली कंदील झुलत असायचा, बैल जणू झोपेतच चालायचे. बंडीवाल्याचं नाव मला कधीच कळलं नाही.

एकदा रेल्वे फाटकाशी बस आणि बंडी शेजारी थांबल्या. मी खिडकीतून आगाऊपणे विचारलं, “भाऊ, काच असताना तेल काहून जाळता?”

खाली उतरून वात सारखी करत तो म्हणाला, “काच मोटारवाल्यायसाठी हाय. त्यायच्यापाशी उजेड असते. घरवाली अंधारात वावराच्या धुऱ्यावर वाट पायते. तिच्यापाशी काय असते?”

पुढच्या सुगीत तीच काच पुन्हा चमकली. बंडीखाली कंदील नव्हता. आमची बस पुढे गेली, तशी काचही विझली.