लेकीच्या खोलीतली भिंत

आमच्याकडे चतुर्थीला गणपती बसतो त्याच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची रीत. आमच्या घरात ते काम माझं. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पुढे गेलो नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. पण माझ्या भिंतीसारखी भिंत अख्ख्या वाडीत दुसऱ्या कोणाची नव्हती. चुना, नीळ, गेरू, हळद, दिव्याची काजळी आणि केवड्याचं मूळ ठेचून केलेला कुंचला. एवढ्यावर मी मोर असा काढायचो की माणसं वाकून बघायची. फुशारकी नव्हे ही, होतं तसं सांगतो.

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची असेल. माझी बायको वारली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सासूबाई तिला आपल्या गावी, आरोंद्याला, घेऊन गेल्या. ती सात वर्षांची झाल्यावर मी मागायला गेलो. सासूबाईंनी ओटीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "घरात बायलमाणूस नाय. चेडू निजतला खंय? तुमच्या बैलांवांगडा?"

मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "तिका सोताची खोली देतंय."

"बरा," त्या म्हणाल्या. "खोली झाली की घेवन जावा. आठ दिवस बघया. रमला तर तुमचा. नाय तर मी येवन घेवन जातलंय, मगे परत मागूचा नाय."

पोराला वेगळी खोली हे तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकलंही नव्हतं. सगळी माजघरात एका रांगेत निजायची. पण शब्द गेला होता. भात ठेवायची खोली रिकामी करायला घेतली. माझी थोरली बहीण, आका, गावातच दिलेली. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय रे, राणी येतली काय तुजी?"

"येतली," मी म्हटलं, "तू कणगो धर."

दोघांनी मिळून भाताचे कणगे हलवले. मी हातभर खिडकी पाडली, तिच्यातून माड दिसायचे आणि माडांमधून थोडा समुद्र. जमीन चोपून सारवली. भिंतींना दोनदा चुना दिला आणि मग समोरची भिंत रंगवायला घेतली. दोन्ही बाजूंना मोर, खाली कमळं, वर महिरप, महिरपीवर वेल. सावंतवाडीच्या बाजारातून लाकडी फळं आणली, आंबा, केळं, सीताफळ, काजू. ती काथ्याने वर टांगली. भिंतीला लागून एक रुंद बाकडा ठेवला आणि त्यावर गोधडी घातली. मागे सरून बघितलं. माझ्या हातून याच्याहून चांगली भिंत झाली नव्हती.

मुलगी आली ती कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून. खोलीच्या दारात उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली, मग गाठोडं खाली ठेवून तिने भिंतीला हात जोडले.

मला हसू आलं. "ह्या देवाचा नाय गो, तुजा."

"गणपती कदी येतलो?"

"हय येवचो नाय. हय तू निजतलंस."

ती बाकड्याकडे बघत म्हणाली, "माका नको. माजे पाय देवाक लागतले."

आणि माजघरात जाऊन चटईवर बसली. दुसऱ्या दिवशी आका आली. भिंत बघून ती हसत हसत खालीच बसली. "मेल्या, तू मखर केलंस. वर माटवी टांगलंस, मधी मूर्तीची जागा सोडलंस. चेडवाक काय पुजतलंस?"

गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात ती माटवी. आणि खरंच, दोन मोरांच्या मधली जागा मी रिकामी ठेवली होती. हाताला सवय. तिथे मूर्ती येते, म्हणून आम्ही तिथे काही काढत नाही.

"चुनो मार वयसून," आका म्हणाली.

"मारूचंय नाय."

मी नाही म्हटलं म्हणजे नाही. पण दिवस जात होते. मुलगी चटईवरच निजायची, अर्धंच जेवायची, संध्याकाळी पायरीवर बसून रस्त्याकडे बघायची. एकदा आपल्याशीच म्हणाली, "आजयेची म्हस आता चरान इली असतली."

सातव्या दिवशी सकाळी मी वाटीत गेरू कालवला, कुंचला तिच्या हातात दिला आणि मधली जागा दाखवली.

"ही जागा तुजी. काय होया ता काड."

"तुमचे मोर वायट होतले."

"होवंदेत."

ती बाकड्यावर चढली आणि जेवणवेळेपर्यंत उतरली नाही. म्हैस काढली. लाल म्हैस. शिंगं थेट महिरपीत गेली, शेपटी डावीकडच्या मोराच्या मानेवरून. पाय पाच. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो.

हात धुऊन आल्यावर ती गोधडीवर आडवी झाली आणि एक पाय हळूच भिंतीला टेकवला.

"म्हशीक पाय लागलो तर काय नाय," ती म्हणाली. "आजयेकडे मी तिच्या पाठीर बसतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या तेव्हा ती त्याच बाकड्यावर गाढ झोपली होती. सासूबाई दारातूनच भिंत बघत राहिल्या.

"मोर कोणी काडले?"

"मीच."

"आणि म्हस?"

"चेडवान."

त्या जवळ गेल्या. "डावा शिंग बरोबर आसा. आमच्या म्हशीचा असाच वाकडा," एवढंच म्हणाल्या. नातीचे कपडे न्यायला त्यांनी एक रिकामी थैली आणली होती. तिची घडी करून त्यांनी काखेत मारली आणि माझ्याकडे चहा मागितला.

त्या वर्षी चतुर्थीला लोक गणपतीची भिंत बघून मुलीच्या खोलीतही डोकावले. एकाने बोट लावून म्हशीचे पाय मोजून दाखवले.

मी म्हटलं, "आरोंद्याच्यो म्हशी तशोच."